दुकानातली बसायची जागा कुणी काढली?

मराठीतले व्यापाराचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. बाजार, माल, किंमत, नफा, नुकसान, जमा, खर्च, हिशेब, बाकी, वसूल, दलाल. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे ही यादी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यातला 'दुकान' हा शब्द मला सगळ्यात जवळचा. अरबीत तो 'दुक्कान'. त्याचा जुना अर्थ ओटा किंवा बाक, म्हणजे टेकायची जागा. आजही अरबी कोशात या शब्दापुढे बाक आणि दुकान असे दोन्ही अर्थ दिलेले सापडतात. बसायच्या जागेवरून विक्रीच्या जागेला नाव पडलं.

आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या जुन्या कापड दुकानांत हे नाव खरं वाटायचं. चपला पायरीशी काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, नोकर पाणी आणून द्यायचा आणि मग एकेक ठाण समोर उलगडलं जायचं. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अम्मा, दोन खाला आणि आम्ही पाच-सहा पोरं तिथे तास-दीड तास ठाण मांडून असायचो. रंग पसंत नाही, पोत पसंत नाही, भाव तर मुळीच पसंत नाही. कधी काहीही न घेता उठायचो. शेठ कपाळाला आठ्या घालायचा, पण "पुन्हा या" म्हणायचा. यात त्याचा स्वार्थ होताच. बसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने उठत नाही, हे तो जाणून होता. पण बसल्यामुळे गिऱ्हाइकालाही विचार करायला, घासाघीस करायला, आपसात कुजबुजायला वेळ मिळायचा. दोघांचे डोळे एका उंचीवर असायचे.

आता एखाद्या मॉलमधल्या कपड्यांच्या शोरूममध्ये जा आणि बसायला जागा शोधा. चपला-बुटांच्या कोपऱ्यात एखादा बुटका स्टूल मिळेल, कारण उभ्याने बूट घालता येत नाही. बाकी सगळीकडे रॅक, हँगर, आरसे, झगझगीत दिवे. गुडघे दुखणारी सासू सुनेच्या ट्रायलरूमबाहेर भिंतीला टेकून उभी असते. कडेवर झोपलेलं मूल घेऊन बाई रांगेत ताटकळते. हे जागेच्या टंचाईमुळे झालं असं कुणी सांगू नये. हजारो चौरस फुटांच्या दुकानात दोन बाक मावत नाहीत?

मावतात. पण या धंद्यात दुकानाचं यश मोजलं जातं ते दर चौरस फुटामागे किती विक्री झाली यावर. त्या हिशेबात बाक म्हणजे तोट्याची जागा. बाकावर बसलेला माणूस चालत नाही, आणि जो चालत नाही तो नवा माल पाहत नाही. म्हणून दुकानाचा नकाशा काढणाऱ्यांचा सगळा आटापिटा माणसाला चालतं ठेवण्याचा. दूध, साखर, तेल अशा रोजच्या वस्तू सगळ्यात आत, म्हणजे तिथपर्यंत जाताना बाकीचं सगळं नजरेखालून जावं. चॉकलेटं बिलाच्या रांगेशी, पोराच्या हाताच्या उंचीवर. मॉलमध्ये सरकता जिना एका मजल्यावर संपला की दुसरा चढायला अर्धा वळसा घालायचा. जेवायची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर. यातलं काहीही योगायोगाने झालेलं नाही.

याची सुरुवात जुनी आहे. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसाने पिगली विगली नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर तिकडेही गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभं राहून यादी सांगायचं आणि माणूस पुड्या बांधून द्यायचा. सॉन्डर्सने ती फळीच काढली. फिरत्या दांड्यातून आत जा, आखून दिलेल्या वाटेने सगळ्या मालासमोरून फिरा, हाताने उचला, बाहेर पडताना पैसे द्या. पुढच्याच वर्षी त्याने या रचनेचं पेटंट घेतलं. दुकानाच्या आराखड्याचं पेटंट! मग १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ साउथडेल हा चहूबाजूंनी बंद, आतून वातानुकूलित मॉल उघडला. तो उभारणारा व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याच्या मनात आपल्या शहरातल्यासारखा चौक होता, जिथे लोक बसतील, भेटतील. साउथडेलमध्ये त्याने बाग केली, पक्ष्यांचा पिंजरा ठेवला. पुढच्या बांधकामवाल्यांनी त्याच्या नकाशातलं विकणारं तेवढं उचललं. म्हातारपणी ग्रूएनने या मॉलांशी आपलं नातंच नाकारलं. गंमत अशी, की दुकानात शिरल्यावर माणूस भांबावतो आणि काय घ्यायला आलो होतो ते विसरून भलतंच घेऊ लागतो, त्या अवस्थेला या धंद्यात त्याचंच नाव चिकटलं आहे.

आता आयकिया पाहा. हैदराबादला २०१८ मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये त्यांचं दुकान सुरू झालं. बसायची सामग्री तिथे ढीगभर, पण ती विकायला. वाट आखलेली. आणि माणूस चालून चालून थकणार हे ठाऊक असल्यामुळे हैदराबादच्या दुकानात १,००० जणांचं उपाहारगृह ठेवलेलं आहे. बसायचं असेल तर ताट घ्या!

गिऱ्हाईक निदान दोन तासांनी घरी जातं. जे दिवसभर तिथेच असतात त्यांचं काय?

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका शोरूममध्ये कामाला आहे. दहावीला उर्दूत तिला चांगले गुण होते, अक्षर मोत्यासारखं. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ. जेवणाची सुट्टी अर्धा तास. बाकी वेळ उभं. दुकान रिकामं असलं तरी उभं. "टीचर, बसलं की कॅमेऱ्यात दिसतं," ती म्हणाली. पंचविशीच्या आत तिच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या आहेत. रात्री ती पाय भिंतीला वर लावून झोपते. पाणी मुद्दाम कमी पिते, कारण बाथरूम दोन मजले खाली आहे आणि जायला परवानगी मागावी लागते. तिच्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तिची नोकरी जाईल.

अशीच गोष्ट केरळमध्ये हजारो बायकांची होती. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायला मनाई, लघवीला जायची सोय नाही. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना एकत्र आणलं, 'पेनकूट्टू' ही संघटना उभी केली. त्या राज्यातल्या दुकानकामगार बायकांच्या या चळवळीला 'इरिक्कल समरम' म्हणतात, म्हणजे बसण्याचा लढा. शब्द ऐकून हसू येतं. माणसाने खाली टेकावं यासाठी लढा! पण लढा झाला, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केलं. तमिळ प्रेक्षकांनी त्याआधी, २०१० मध्येच, 'अंगाडी तेरु' या चित्रपटात चेन्नईच्या कापड दुकानांतल्या पोरापोरींचे हाल पाहिले होते.

मालकांचं म्हणणं काय असतं? गिऱ्हाईक आल्यावर बसलेला कामगार म्हणजे आळशीपणा, दुकानाची शोभा जाते. ही शोभा कुणाची? नवी पेठेतला शेठ गादीवर बसून माल दाखवायचा आणि कुणाला त्यात अपमान वाटत नव्हता. आणि आजही मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्ची असतेच. उभं राहणं ही शिस्त असेल तर ती वरपासून पाळावी.

इथे काही वाचक मला अडवतील, आणि अडवावंच. ती गादी सगळ्यांसाठी होती का? नव्हती. दलित गिऱ्हाइकाला पायरीवरूनच माल दाखवणारे दुकानदार याच महाराष्ट्रात होते. नाव विचारून भाव आणि सूर बदलणारेही होते. त्या गादीशेजारी हरकाम्या पोरगा दिवसभर धावत असायचा आणि त्याला कुणी बस म्हणत नव्हतं. मॉलमध्ये निदान छापील किंमत आहे, तुझं आडनाव काय असं कुणी विचारत नाही, बुरख्यातली मुलगी आणि जीन्समधली मुलगी एकाच रॅकवरचा कुर्ता पाहतात. हे मला मोलाचं वाटतं आणि ते मी सोडायला तयार नाही.

पण मॉलने दार सगळ्यांना उघडलं हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला, तेव्हा गर्दी आवरायला सुरुवातीला मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट आत सोडत. बाकीच्यांनी प्रवेशाचे पैसे भरायचे. त्या काळी मोबाईल कुणाकडे होता ते आठवा. आडनावाच्या जागी खिसा आला, एवढाच फरक. जुन्या गादीत खोट होती ती कोण बसू शकतो याची. त्यावर उपाय सगळ्यांना बसू देण्याचा होता. दुकान सजवणाऱ्यांनी गादीच गुंडाळली आणि याला समता म्हणा असं सांगितलं.

दुसरा आक्षेप ताजा आहे. आता कोण जातं दुकानात? सोफ्यावर बसून फोनवरून दहा मिनिटांत सगळं येतं. बसायची जागा तर घरीच!

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांनी मोठ्या शहरांत आणलेली ही पद्धत म्हणजे दुकानाच्या नकाशाचं शेवटचं टोक आहे. वस्तीतल्या गाळ्यात माल भरलेला असतो, पण आत गिऱ्हाइकाला प्रवेशच नाही. त्याला डार्क स्टोअर म्हणतात. त्याच्या बाहेर रात्री कधी पाहा. पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं गाडीच्या सीटवर, फुटपाथच्या कडेला, बंद दुकानाच्या शटरला टेकून पुढच्या ऑर्डरची वाट पाहत असतात. आपल्या सोफ्याची किंमत तिथे फेडली जाते.

आणि सोफ्यावरचं गिऱ्हाईक तरी निवांत असतं का? 'फक्त दोन शिल्लक', 'ऑफर संपायला चार मिनिटं', न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, 'नाही' म्हणायचं बटण पुसट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्या यादीत आहे. गुपचूप टोपली भरणंही आहे. तरी फोन उघडून पाहा.

इस्लामी फिक्हमध्ये 'खियार-ए-मजलिस' असं एक कलम आहे. सौदा ठरला तरी घेणारा आणि देणारा त्या बैठकीतून उठून वेगळे होत नाहीत तोवर दोघांपैकी कुणीही तो मोडू शकतो. आपल्या कोकणी मुसलमानांचा जो शाफई मसलक, त्यात हा हक्क मानतात; हनफी त्याचा अर्थ निराळा लावतात. मजलिस म्हणजे बसायची जागा, बैठक. बसलेल्या माणसाला मन बदलायला अवधी असतो, ही साधी समज या नियमामागे मला दिसते. घड्याळ लावलेलं बटण नेमका तोच अवधी काढून घेतं. उर्दूत 'सौदा' या शब्दाचा एक अर्थ व्यवहार आणि दुसरा अर्थ वेड. दुकानाचे नकाशे काढणाऱ्यांनी दोन्ही अर्थ एकत्र आणले.

आता नवी पेठेतही जुनी दुकानं नवी होऊ लागली आहेत. फरशी, काच, छतात दिवे. गादी काढून उंच काउंटर येतो आणि मागे चार मुली उभ्या केल्या जातात. व्यापारी मंडळींना माझी विनंती आहे, नूतनीकरण जरूर करा, एसी लावा, किमती छापा, पण सुताराला आणखी दोन कामं सांगा. काउंटरच्या अलीकडे भिंतीला लागून एक लांब बाक, गिऱ्हाइकासाठी. आणि पलीकडे प्रत्येक कामगारामागे एक स्टूल. त्यावर बसल्याबद्दल पगार कापला जाणार नाही, हे दुकानात मोठ्या अक्षरात लिहून लावा. आणि ज्या बायका ईदला, दिवाळीला, लग्नसराईला दहा-दहा हजारांची खरेदी करतात, त्यांनी बिल देण्याआधी मालकाला एवढंच विचारावं, या मुलीला स्टूल का नाही?

माझ्या त्या विद्यार्थिनीची येत्या ईदलाही सुट्टी नाही. ईदच्या आदल्या रात्री दुकान उशिरापर्यंत उघडं राहणार आहे.