सासूबाईंची न लिहिलेली वही

मैत्रिणींनो, परवा मायाळूची भजी तळताना मुलीनं विचारलं, "आई, मायाळूचं शास्त्रीय नाव काय गं?" म्हटलं, "बॅसेला." लॅटिन वाटतं ना? पण शब्द मूळचा मलबारचा!

१६७० च्या दशकात कोचीनला व्हान रेडे नावाचे डच गव्हर्नर होते. तिथल्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ करायचं त्यांनी मनावर घेतलं. पण साहेबाला झाडपाला ओळखून कोण देणार? इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांनी घराण्यात जपलेलं ज्ञान सांगितलं. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनीही मदत केली. त्या तिघांचं कोंकणी निवेदन ग्रंथात चक्क आपल्या नागरी लिपीत छापलेलं आहे! 'हॉर्टस मलबारिकस'चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. पुढे १७५३ साली लिनीयसनं वनस्पतींना नावं देताना त्यांचा आधार घेतला.

जाणत्यांनी सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून ते टिकलं. माझ्या सासूबाईंना पावसाळ्यातल्या कितीतरी रानभाज्या नावानिशी ठाऊक होत्या. मी आवडीनं खाल्ल्या, पण लिहून काही ठेवलं नाही. सासूबाई गेल्या, त्यांच्याबरोबर ती नावंही गेली.

तुम्ही तरी असं करू नका. भाजीची एक डहाळी रद्दीच्या कागदात दाबून वाळवा, वहीत चिकटवा. शेजारी तिचं घरातलं नाव, महिना, ती निवडायची कशी, सारं लिहा. घरातल्या मोठ्यांना आजच विचारा बरं का!