छपराला माप सरीचे हवे

कर्जत-खालापूर भागात पाऊस किती पडतो, असे बांधकामातल्या कोणालाही विचारले की उत्तर हंगामाच्या बेरजेत येते. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर, माथेरानच्या पठारावर त्याहून बरेच जास्त. भाताच्या खाचराला आणि धरणाला ही बेरीज कामाची आहे, छपराला नाही. चार महिने संथ पडून तीन हजार मिलिमीटर भरले तर तीन इंची पाइपही पुरेल, आणि वीस मिनिटांच्या एका सरीत त्याच घराच्या जिन्यातून पाणी खाली उतरेल. पन्हळ, छतावरचे तोंड आणि उभा पाइप यांचे माप सर्वांत जोराच्या सरीवरून ठरायला हवे. ती सर कोसळत असताना एखादे तोंड तुंबले तर पाणी कुठून जाईल, याचे उत्तरही नकाशातच असायला हवे. या भागात काम करणारे आर्किटेक्ट, अभियंते, ठेकेदार, प्लंबर आणि पत्र्याचे काम करणारे फॅब्रिकेटर यांच्यापुढे आम्ही एवढेच म्हणणे ठेवत आहोत. थंड मुलुखात हिवाळी वादळांआधी जी तयारी करतात ती आपल्याकडे वैशाखात उरकावी लागते, म्हणून ते आत्ताच मांडणे भाग आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्याकडच्या एखाद्या फार्महाउसचा स्लॅब १२० चौरस मीटरचा धरू. ताशी १०० मिलिमीटरच्या जोराने पाऊस आला तर त्यावर मिनिटाला २०० लिटर पाणी पडते. अशा स्लॅबला सहसा दोन कोपऱ्यांत चार इंची दोन पाइप सोडतात. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्यानुसार १०० मिलिमीटर व्यासाच्या एका पाइपावर ताशी ५० मिलिमीटर पावसाला ८५.४ चौरस मीटर छत चालते. पाऊस ताशी १०० झाला की ४२.७, १५० झाला की २८.५ आणि २०० झाला की २१.३ चौरस मीटर. म्हणजे आपले दोन पाइप ताशी सत्तरएक मिलिमीटरपर्यंत साथ देतात. शंभराला तीन लागतात, दीडशेला पाच. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाला मात्र ताशी १५० मिलिमीटर पावसातही ८३.६ चौरस मीटर दिले आहेत, म्हणजे सहा इंची दोन पाइपांत काम निभावते. शेजारून वर जाणारी भिंत असेल तर वाऱ्याने तिच्यावर आपटलेले पाणीही त्याच छतावर येते. तिचे निम्मे क्षेत्रफळ छतात मिळवावे, असा संकेत आहे, आणि आपल्या हिशेबातून तो नेमका सुटतो.

इतका जोराचा पाऊस धरायचा कशाच्या आधारावर, हा पहिला आक्षेप. हवामान खाते ताशी १०० मिलिमीटरला ढगफुटी म्हणते, मग प्रत्येक घर ढगफुटीसाठी बांधायचे का? उत्तर २६ जुलै २००५ च्या नोंदींत आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुपारच्या एका तासात सुमारे १९०. कुलाब्याची त्या दिवसाची नोंद पंचाहत्तरच्या आत राहिली. एकाच शहरात एवढी तफावत पडत असेल, तर मुंबईच्या सवयीने काढलेला नकाशा भोर घाटाच्या पायथ्याशी कसा चालेल? मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारे ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधली होती, पुढे ते माप ५० वर नेण्यात आले. ते आकडे रस्त्याच्या गटारांचे आहेत. आपल्याकडे समुद्रावरून आलेले ढग माथेरानच्या आणि घाटाच्या कड्यांवर चढताना मोकळे होतात. त्याच जुलैच्या पुरात उखडलेली नेरळ-माथेरान रेल्वे पुन्हा धावायला २००७ उजाडले. शिवाय छपराला तासभराच्या पावसाचीही गरज नसते. पाच मिनिटांत पंधरा मिलिमीटर पडले तरी तेवढ्यापुरता वेग ताशी १८० होतो, आणि लहान छत पाच मिनिटांतच भरून वाहू लागते. पन्हळ भिंतीबाहेर असेल आणि उतू गेलेले पाणी अंगणात पडणार असेल तर १०० चे माप पुरे आहे. कठड्याचा स्लॅब, दोन उतारांमधली व्हॅली आणि घराच्या आतून जाणारा पाइप यांना १५० पेक्षा कमी धरू नये. धोक्यानुसार माप कडक करण्याचे हेच तत्त्व युरोपातील ईएन १२०५६ या प्रमाणकानेही मानले आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे, आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतल्या प्लंबिंग तक्त्यांत चार इंची उभ्या पाइपाला आपल्या तक्त्याच्या कित्येक पट छत जोडायची मुभा दिसते. स्वच्छ आणि सरळ पाइपाच्या तोंडावर थोडे पाणी चढू दिले तर तो खरोखरच तेवढे वाहून नेतो. मात्र तिथे तोंडावर घुमटाकार जाळीचे तयार ड्रेन बसवतात, आणि कठड्यामुळे पाणी अडेल अशा छताला पाण्याची दुसरी, स्वतंत्र वाट देणे संहितेनेच बंधनकारक केले आहे. आपल्याकडचे तोंड जवळून पाहा. वॉटरप्रूफिंगचा थर त्याच्या कडेवरून आत उतरलेला असतो, म्हणून चार इंचांचे साडेतीन झालेले असतात. कोबा करताना सांडलेला सिमेंटचा रबडा पहिल्या बेंडमध्ये जाऊन दगड झालेला असतो. वर सपाट जाळी असते, आणि सागाचे एक ओले पान चिकटले की ती पूर्ण झाकली जाते. साग आणि ऐन यांची उन्हाळ्यापर्यंत गळलेली पाने गच्चीवर साठून राहतात आणि पहिल्या वळवाबरोबर नेमकी तोंडाशी गोळा होतात. आपल्या तक्त्यातली शिल्लक इथेच खर्ची पडते. ती उधळपट्टी समजून कापली तर गाठीला काहीच उरत नाही.

म्हणून पाइप मोठा करण्याइतकेच महत्त्व दुसऱ्या वाटेला आहे. कठड्यात एक आडवे भोक ठेवावे, मुख्य तोंडापेक्षा दोन इंच वर आणि जिन्याच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा स्पष्ट खाली. ते मुख्य पाइपापेक्षा लहान नसावे, त्याला बाहेर पुढे आलेला तुकडा असावा, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बाजूला असावे. तिथून धार लागली की खालची वाट तुंबल्याचे राखणदारालाही कळते. हे भोक नसेल तर काय होते? दोनपैकी एक पाइप तुंबला की उरलेल्यावर सगळे १२० चौरस मीटर येतात आणि तक्त्याच्या हिशेबाने तो ताशी छत्तीस मिलिमीटरलाच थकतो. दोन्ही तुंबले तर पडेल तेवढे सगळे पाणी साठते. हवामान खात्याचा पावसाचा सर्वांत वरचा वर्ग दिवसाला २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, आणि घाटाच्या पायथ्याला तो अनोळखी नाही. छतावर १५० मिलिमीटर पाणी साचले तर चौरस मीटरला १५० किलो, पूर्ण स्लॅबवर १८ टन वजन येते. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या सपाट छताचा लाइव्ह लोड १.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास इतकाच आहे, आणि वावर नसलेल्या छताचा याच्या निम्मा. सुरक्षा गुणकामुळे स्लॅब लगेच कोसळणार नाही. पण तो वाकतो, ढाळ उलटा होतो, आणि पुढच्या सरीत तिथेच आणखी पाणी थांबते.

उताराच्या छपराचे आणि स्लॅबवर गळतीसाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडचे दुखणे वेगळे आहे. तिथे पन्हळीचे वजन कोणी धरत नाही. सहा इंच रुंद आणि सहा इंच खोल पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला बावीस-तेवीस किलो पाणी होते, दहा मीटरला सव्वादोनशे किलो, आणि ते सारे शेवटच्या पर्लिनला किंवा फॅशियाच्या फळीला लटकते. ब्रॅकेट दोन फुटांच्या आत हवीत, ती याच वजनासाठी. पन्हळीचा ढाळ किमान १२० ला १ हवा. बारा मीटर लांबीला तो १० सेंटिमीटर होतो आणि दिसायला वाईट दिसतो, म्हणून मिस्त्री पन्हळ सरळ लावून मोकळा होतो. त्यापेक्षा मध्यावरून दोन्हीकडे ढाळ द्यावा आणि दोन टोकांना दोन पाइप सोडावेत. पत्र्याचा सांधा पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनेच चढवावा, उलटा चढवलेला सांधा कितीही सिलिकॉन भरले तरी गळतो. वाऱ्याचाही विचार करायला हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा जिल्ह्यात घरोघरचे पत्रे उडाले. वारा छपराच्या कडेलाच आधी धरतो, आणि पन्हळ कडेलाच असते.

जुन्या कौलारू घरांना पन्हळ कुठे होती, ती तरलीच ना, हा प्रश्न हमखास येतो. ती तरली, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रुंद वळचण, उंच दगडी जोते, पागोळ्या पडतात तिथे दगडांची पट्टी आणि अंगणातून शेताकडे जाणारा चर अशी ती व्यवस्था होती. तिला तोंडच नव्हते, म्हणून ती तुंबत नव्हती. मृगाआधी दरवर्षी घर शाकारले जाई, तेव्हा फुटके कौल आणि कुजका वासा हाताला लागत. चारही बाजूंना मोकळी जागा असलेल्या प्लॉटवर आम्ही आजही पन्हळीऐवजी अडीच-तीन फुटांची वळचण आणि खाली पक्का चर सुचवू. पण नेरळ, कर्जत, खोपोलीतल्या दाटीच्या प्लॉटवर पागोळ्या थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात. तिथे पन्हळ टाळता येत नाही, आणि लावायची तर हिशेबानेच लावावी लागते.

खाली उतरलेल्या पाण्याचेही उत्तर आपणच द्यायचे असते. इथले बरेच नवे प्लॉट भाताच्या खाचरांवर मुरमाचा भराव घालून तयार झाले आहेत. छतभर पसरलेले पाणी दोन जागी एकवटून भरावावर सोडले की भराव खचतो आणि जोत्याभोवतीचा कोबा मोकळा पडतो. शोषखड्ड्यात सोडा, हा सल्ला जूनपुरता ठीक आहे. आषाढात शेजारच्या खाचरात पाणी उभे असते, जमिनीतले पाणी वर आलेले असते, मग खड्ड्यात जिरणार काय? खड्डा जरूर करावा, पण त्यालाही नाल्याकडे जाणारी दुसरी वाट ठेवावी. सेप्टिक टँकमध्ये छताचे पाणी कदापि सोडू नये. उतारावरच्या प्लॉटवर ही जबाबदारी अधिक मोठी आहे. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळलेल्या दरडीचा छपरांच्या पाण्याशी संबंध नव्हता. पण भिजलेला डोंगर काय करू शकतो हे पाहिल्यावर आपल्या पाइपाचे पाणी उघड्या उतारावर सोडून देणे कोणत्याही व्यावसायिकाला शोभत नाही.

खर्च वाढतो आणि सफाई हे मालकाचे काम आहे, ही दोन उत्तरे आपल्या व्यवसायात सर्रास दिली जातात. सहा इंची दोन पाइप आणि कठड्यातली दोन भोके यांचा खर्च एकदा गळलेल्या स्लॅबवर पुन्हा कोबा करण्याच्या, त्यावर शेड घालण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, हे दर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सफाईचे म्हणाल, तर इथली कितीतरी घरे मुंबई-पुण्याच्या मंडळींची शनिवार-रविवारची घरे आहेत. जुलैत ती बंद असतात. ज्या घरात पावसात कोणी नसते त्याचे छत कोणीतरी वेळेवर झाडेल, असे धरून माप काढणे ही आपली चूक ठरते, मालकाची नव्हे. तरी सफाईचे वेळापत्रक लिहून देणे आपल्या हातात आहे. पहिली सफाई मेच्या मध्यापर्यंत व्हावी, कारण २०२५ साली मान्सून मुंबईत ११ जूनच्या नेहमीच्या तारखेऐवजी २६ मे रोजीच पोहोचला आणि जूनच्या भरवशावर ठेवलेली कामे उघडी पडली. दुसरी सफाई आषाढ सरताना, शेवाळ आणि ओला पाला काढण्यासाठी. तिसरी परतीच्या विजेच्या पावसाआधी.

यापुढे प्रत्येक नकाशावर छताचे क्षेत्रफळ, धरलेला पावसाचा वेग आणि तुंबल्यावरची वाट या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, अशी आमची मागणी आहे. त्या पडताळण्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही. वॉटरप्रूफिंग तपासायला आपण गच्चीवर पाणी साठवतोच. ते सोडून देण्याआधी पातळी वाढवून कठड्यातल्या भोकातून पाणी बाहेर पडते का आणि उंबरा कोरडा राहतो का ते मालकासमोर पाहावे. मग एकच तोंड उघडून कुठे डबके राहते, कुठला बेंड अडतो ते पाहावे आणि खाली पाणी नाल्यापर्यंत पोहोचते याची खात्री करावी. एका सकाळचे हे काम आहे. ज्या छताची ही चाचणी झाली नाही त्याचे काम पूर्ण झाले असे म्हणू नये, आणि शेवटचे बिलही त्याआधी देऊ नये.