समुद्रावरचा पंक्तिप्रपंच

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे. पण ज्याला जहाज लागते असे पाणी नाही. तेव्हा जहाजावरील भोजनाविषयी आम्ही काही लिहावे हे अनेकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे म्हणत ज्यांचे बालपण गेले त्यांना कोणत्याही विषयावर मत देण्याचा अधिकार जन्मतःच मिळालेला असतो. शिवाय या विषयाने गेल्या हिवाळ्यापासून आमची पाठ सोडलेली नाही.

झाले ते असे. आम्ही पाच निवृत्त अध्यापक. पाचही जण मराठीचे, तीस वर्षे एकमेकांच्या डब्यात हात घातलेले. मुंबईहून निघून गोव्याला जाणारी आणि परत येणारी तीन रात्रींची जलसफर करावी असे ठरले. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने निघालो ते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. भाड्यात राहणे आणि सारी जेवणे आली होती. जहाजावर पाहतो तो मोठ्या भोजनगृहात काही कमी नाही. पोळी, भात, दोन भाज्या, मासे, कोंबडी, पाच प्रकारची गोडे. वाढणाऱ्यांत सेलूकडचा एक मुलगा निघाला. आमचे बोलणे कानावर पडताच तो जवळ आला आणि पुढे दर वेळी आमच्या मेजावर पोळी गरमच आली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील एका दाराशी आम्हांला पाटी दिसली. आत खास उपाहारगृह. मेजे थोडी, दिवे मंद, जेवण आठ टप्प्यांचे, आणि माणशी दोन हजारांहून अधिक रुपयांचा जादा आकार. येथून वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, भाड्यात जेवण भरले असता दुसऱ्यांदा पैसे का मोजावेत? दुसऱ्याचे म्हणणे, आयुष्यात एकदाच आलो आहोत. आम्ही सेलूच्या त्या मुलाचा सल्ला घेतला. तो हसून म्हणाला, “वर पोट भरंल का नाही ते मला सांगता यायचं नाही सर, पण खाली बसलात तर पोळी गरम आणून देतो.”

तरीही आम्ही वर गेलो. आम्ही म्हणजे तिघे. एक तत्त्वाखातर खाली राहिले. पाचवे म्हणाले, “माझे पोट आज बरे नाही, मला जेवायचेच नाही.”

वरच्या जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. वाईट नव्हते. वाढणाऱ्याला घाई नव्हती, शेजारच्या मेजावरील पोरे रडत नव्हती, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्याचे चरित्र सांगितले जात होते. चौथ्या टप्प्यावर मोठ्या बशीच्या मध्यभागी दोन चमचे ज्वारी आली. तिला रिसोतो म्हणत होते. ज्या गावच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची वाणे काढली, त्या गावच्या तीन प्राध्यापकांनी समुद्रात जाऊन, जादा पैसे भरून ज्वारी खाल्ली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेल्यापासून आमच्या भाकरीला हे दिवस आले आहेत. असो.

सकाळी न्याहारीच्या वेळी सेलूच्या मुलाने विचारले, “काल पाचांतले एकटेच सर जेवायला आले, बाकीचे कुठं गेले व्हते?” तेव्हा उलगडा झाला. आमचे पाचवे सहकारी विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. त्यांना निवृत्तिवेतन नाही. सफरीचे भाडेच त्यांनी कसे जमवले असेल याचा विचार आम्ही केला नव्हता. वरचे दोन हजार परवडत नाहीत असे सांगणे त्यांना जड गेले, म्हणून पोटाचे निमित्त केले. आणि एकदा ते केल्यावर खाली जाऊन जेवण्याचीही सोय उरली नाही. ज्या जेवणाचे पैसे त्यांनी भरले होते तेही सोडून ते रात्री अकरापर्यंत डेकवर बसून राहिले.

जादा पैसे देऊन खास जेवण घेणे परवडते का, या प्रश्नाचे उत्तर प्रवासविषयक लिखाणात साधारणतः हिशेबाने दिलेले असते. हिशेब आम्हीही करू. बड्या परदेशी जहाजांवर हा आकार माणशी चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात, कोठे त्याहून अधिक जातो, वर सेवाशुल्क निराळे. प्रवासी बंदरावर उतरून तेवढ्या पैशांत तेथील उत्तम जेवण जेवू शकतो. परंतु खरा घोटाळा याहून जुना आहे, आणि तो कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जहाजावर वेगळे, पैसे देऊन जेवण्याचे उपाहारगृह ही काही आजची कल्पना नव्हे. हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर १९०५ साली रिट्झच्या नावाने असे उपाहारगृह उघडले. ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गासाठी ते होते, लुईजी गाट्टी नावाचा इटालियन गृहस्थ ते चालवी. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जो प्रवासी सामायिक भोजनगृहात न जेवता सारी जेवणे तेथेच घेण्याचे ठरवी, त्याला भाड्यात सूट मिळे. म्हणजे १९१२ साली श्रीमंतांच्या त्या जहाजावरही एवढा न्याय पाळला जात होता, की जे अन्न तुम्ही खाल्ले नाही त्याचे पैसे तुमच्याकडून घ्यावयाचे नाहीत. आज अशी सूट मिळत नाही. खालचे जेवण सोडून तुम्ही वर जाता तेव्हा खालच्याचे पैसे भाड्यात आधीच गेलेले असतात. त्याच रात्रीचे तुम्ही दोनदा भरता. २००० सालाच्या सुमारास नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरावीक वेळ आणि ठरावीक मेज ही पद्धत मोडून प्रवाशाने वाटेल तेव्हा वाटेल तेथे जेवावे अशी टूम काढली. काही उपाहारगृहे मोफत, काही जादा आकाराची. हळूहळू हा रिवाज सर्वत्र गेला. भाडे कमी दाखवावे आणि मद्य, जुगार, बंदरावरील सहली, खास भोजन यांतून उरलेले वसूल करावे, हा आता या धंद्याचा राजमार्ग झाला आहे.

गाट्टीच्या माणसांची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. साठांहून अधिक स्वयंपाकी आणि वाढपी, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. त्यांचा मालक गाट्टी, जहाजाची कंपनी नव्हे. त्यामुळे ते धड खलाशीही नव्हते आणि प्रवासीही नव्हते. त्यांतले तिघे वाचले. गाट्टीही गेला.

आता आमच्या शब्दाकडे येतो. एकाच पंक्तीत बसलेल्यांपैकी एकाला तूप अधिक, दुसऱ्याला कमी, असे वाढण्याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात. यजमानाने दरिद्री असावे, एक भाजी वाढावी, पण पंक्तिप्रपंच करू नये, अशी समजूत आमच्या आजीपर्यंत तरी पक्की होती. जहाजाचे भाडे भरून आत आलेले सारे एका अर्थाने पंक्तीत बसलेले असतात. त्यांतल्या काहींना उठवून वर नेणे हा त्या शब्दाचा नेमका अर्थ आहे. आमचा तर्क असाही आहे की, वरचे दार चालावे यासाठी खालचे ताट फार चांगले असून चालत नाही. ते आज चांगले आहे. पण ते आणखी चांगले करण्यात मालकाचा लाभ उरलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ही पंगत होती तरी कोणाची? मराठवाड्यातल्या गावोगावी जेवणाच्या पंगती जातवार उठत, आणि काहींच्या वाट्याला पंगत नव्हतीच. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या लढ्यात सापडावे लागले. अनंत हरी गद्र्यांना झुणकाभाकरीची सहभोजने मुद्दाम घडवून आणावी लागली, यातच पंगतीची योग्यता कळते. त्यामानाने पैसे टाकून जेवू घालणारी खानावळ पुष्कळदा अधिक माणुसकीची होती, कारण तिने माणसाची जात विचारण्याऐवजी खिसा पाहिला. (नेहमी नव्हे. हॉटेलांतल्या वेगळ्या कपबशा आमच्या पिढीने पाहिल्या आहेत.) तेव्हा पंक्तिप्रपंच या शब्दाआडून आम्ही जुन्या पंगतीचे गोडवे गात नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जातीची पंगत मोडणारा पैसा निराळा आणि सर्वांनी सारखे भाडे भरून मांडलेली पंगत मोडणारा पैसा निराळा.

दुसरा आक्षेप गरजेचा. १८८८ साली मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले तेव्हा काटे-चमच्याचा संकोच आणि कोणता पदार्थ निरामिष हे विचारण्याची लाज, यांमुळे ते घरून नेलेल्या गोड पदार्थांवर आणि फळांवर खोलीतच राहिले. अशा माणसाला आपले अन्न वेगळे, स्वस्थपणे मिळत असेल तर त्याने जादा पैसे अवश्य द्यावेत. आजारी, वृद्ध, गोंगाट न सोसणारे, यांचीही तीच गोष्ट. आम्ही वर गेलो तेव्हा खरे सुख अन्नाचे नव्हते, शांततेचे होते. ती विकत घेण्यात पाप नाही. फक्त ती आपण कोणाच्या देखत घेतो हे पाहावे लागते, आणि आम्ही ते पाहिले नाही.

साहित्याच्या वाचकांना हा सारा प्रकार परका वाटू नये. आपल्या साहित्य संमेलनांत काय होते? प्रतिनिधीशुल्क भरून आलेले शिक्षक एका मांडवात रांगेने उभे, आणि कनातीपलीकडे निमंत्रितांचे वेगळे जेवण. तेथे जादा आकारही नसतो. ओळख असावी लागते. परभणीला १९९५ साली संमेलन झाले तेव्हा अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. उमेदीच्या काळात हॉटेलात भांडी विसळलेला तो कवी. कनातीच्या अलीकडे आणि पलीकडे काय असते, हे त्यांच्याइतके मांडवातल्या दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट आमच्याच स्थानकावर घडते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला थांबते. या गाडीच्या मार्गावर काही स्थानकांवर लंगर असतो. परभणी, जालना, पुढे भोपाळ, दिल्ली. गाडी थांबली की सेवेकरी बादल्या घेऊन धावतात. कढी-भात, डाळ, छोले, खिचडी, भाजी, त्या दिवशी जे असेल ते. जाणते प्रवासी घरून थाळी-वाटी घेऊनच निघतात. वातानुकूलित डब्यातला आणि साध्या डब्यातला, दोघांच्या थाळीत एकच पळी पडते. आम्ही मुद्दाम एकदा फलाटावर उभे राहून पाहिले. वातानुकूलित डब्यातले काही प्रवासी प्रथम कचरत होते. नंतर त्यांनीही हात पुढे केले. भाड्यात जागेचा भेद आहे, तो कोणी नाकारीत नाही. झोपण्याचे अंतर पैशाने ठरते, ताटाचे ठरत नाही.

जहाजाचा मालक लंगर घालण्यासाठी समुद्रात उतरत नाही हे आम्हांला समजते. त्याने नफा करावा. परंतु त्याने एकतर गाट्टीच्या काळची सूट परत आणावी, नाहीतर खास जेवण भाड्यातच धरून प्रत्येकाला सफरीत एक रात्र वर जेवू घालावे. तोपर्यंत आमचे मत असे की, दोन-तीन रात्रींच्या सफरीत वर जाऊ नये. लांबच्या प्रवासात एकदा जावे, सर्वांनी मिळून जावे, आणि पाचांतल्या एकाला परवडत नसेल तर आकार सामायिक खर्चात घालावा. आम्हांला हे त्या दिवशी सुचले असते तर माणशी थोडकेच जास्त पडले असते. जे उरेल ते खाली वाढणाऱ्याच्या हातावर ठेवावे. सेलूचा मुलगा सांगत होता की, वर काम मिळाले तर बक्षिशी बरी पडते, म्हणून त्यालाही वर जायचे आहे. त्याला काय उत्तर द्यावे, ते आम्हांला सुचले नाही.

त्या रात्रीविषयी आमच्या पाचव्या सहकाऱ्यांशी आम्ही बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही. परतीच्या गाडीत उरलेले धपाटे त्यांनीच सोडले आणि पाचांत वाटले. येत्या हिवाळ्यात सचखंडने अमृतसरला जावे असे चालले आहे. तिकिटांचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले असून, प्रत्येकाने आपापली थाळी आणावी, कोणी विसरल्यास आपल्याकडे एक जास्तीची असेल, असे त्यांनी कळवले आहे.