मीठ, गलगंड आणि पूर्वजन्म

वाचकहो, एखाद्या घरी जन्मतः मुके-बहिरे मूल उपजले की शेजारीपाजारी काय बोलतात, हे आपणांस सांगावयास नको. 'मागल्या जन्मीचे भोग' एवढे शब्द उच्चारले की बोलणाऱ्यांचे कर्तव्य संपते आणि त्या आईच्या माथी न केलेल्या पापाचा भार बसतो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे रिकामे केले; पण ही भाषा आपल्या ओट्यांवरून अद्याप पुरती गेलेली नाही. म्हणून एका डोंगरी मुलखाची हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे.

एव्हरेस्टच्या पायथ्याकडील खुंबू हा नेपाळचा प्रदेश. तेथे खुंदे व खुमजुंग ही शेर्पा लोकांची गावे सुमारे ३,८०० मीटर उंचीवर वसलेली आहेत. तेनसिंग नोर्गे यांच्यासह १९५३ साली शिखर गाठणारे एडमंड हिलरी पुढे या मुलखात वारंवार गेले. शेर्पांनी त्यांच्याकडे मागितली ती शाळा, आणि १९६१ साली ती खुमजुंगला उभी राहिली. १९६३ साली देवीची साथ आली तेव्हा हिलरींच्या मंडळींनी लस टोचण्याचे काम अंगावर घेतले. १९६४ साली लुक्ला येथे विमानाची धावपट्टी झाली आणि १९६६ साली हिमालयन ट्रस्टने खुंदे येथे लहानसे रुग्णालय उभारले. जॉन व डायान मॅकिनन हे न्यूझीलंडचे दांपत्य तेथील पहिले डॉक्टर.

या डॉक्टरांना काय दिसले? घरोघरी गळ्याशी गलगंड लोंबणारी माणसे. आणि त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, ज्यांची उंची खुंटली, बुद्धी खुंटली, ज्यांना ऐकू येत नाही व बोलता येत नाही, अशी जन्मापासूनची अभागी माणसे. त्यांचे पाप कोणते होते? वाचकहो, त्यांचे पाप एवढेच की डोंगरावरील बर्फाने आणि पावसाने तेथील मातीतले आयोडीन धुऊन नेले होते, आणि तिबेटातून येणाऱ्या मिठातही ते पुरेसे नव्हते. मोठ्या माणसास दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. म्हणजे उभ्या आयुष्याचे मिळून चहाच्या चमच्याएवढेही भरणार नाही. गर्भार आईला तेवढे मिळाले नाही, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अपुरी राहते.

डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेलाची सुई टोचण्यास प्रारंभ केला. एका सुईचा गुण काही वर्षे टिकतो. गलगंड ओसरू लागले आणि उपचार झालेल्या मातांच्या पोटी तशी मुले जन्मावयाची थांबली. जी आधीच जन्मली होती, त्यांना मात्र कोणतीही सुई बरे करू शकली नाही. हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा सिद्धान्त का नाकारला, हे यावरून ध्यानी यावे. कारण एकदा पूर्वजन्मावर बोट ठेवले की मिठाची परीक्षा कोण करणार?

परोपकाराविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. परदेशी डॉक्टर आले, हे थोरच झाले. परंतु पाहुण्या डॉक्टरांचा मुक्काम दोन-दोन वर्षांचा. मुलूख मात्र गावकऱ्यांचा. म्हणून मला या हकीकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते २००२ साल. खुमजुंगच्या त्याच शाळेत शिकलेले डॉ. कामी तेंबा शेर्पा त्या वर्षी खुंदे रुग्णालयाचे प्रमुख झाले. शाळा आधी मागणाऱ्यांचे शहाणपण तेव्हा फळास आले.

आपल्या देशातही असेच एक काम झाले आहे. नागपुरास आपण दीक्षा घेतली त्याच १९५६ साली, हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी मिठात आयोडीन मिसळून वाटण्याचा प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोहोंना आयोडीनचे मीठ, एकास तुलनेसाठी साधे. १९६२ पर्यंत त्या दोन भागांत गलगंड झपाट्याने घटला. मग तिसऱ्या भागासही ते मीठ मिळाले. (शास्त्राला तुलना लागते, हे मान्य. तरी त्या तिसऱ्या भागातील मातांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.) येथे कोणी दाता नव्हता, कोणी याचक नव्हता, दुकानातले मीठच औषध झाले होते.

पुढे १९९८ साली आयोडीनरहित खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. २००० साली केंद्राने ती उठविली. लोकांना निवडीचे स्वातंत्र्य हवे, असे कारण देण्यात आले. २००६ साली ती पुन्हा लागू झाली. मी विचारतो, मधल्या वर्षांत हे स्वातंत्र्य कोणी भोगले? जो मिठाच्या पुडीवरचे वाचू शकतो त्याने, की आठवड्याच्या बाजारात गोणीतले स्वस्त खडे मीठ मापाने घेणाऱ्या मजूर बाईने?

भगिनींनो, आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असते. ते पाहून घ्या, मीठ झाकणाच्या बरणीत कोरडे ठेवा, आणि वस्तीत कोणी गर्भार असेल तर तिच्या घरचे मीठ कोठून येते, हे आजच विचारा. रेशनच्या दुकानात असे मीठ मिळत नसेल, तर मागणीचा अर्ज एकट्याने न देता सर्व वस्तीच्या सह्यांनी द्यावा.