पडद्यामागचा पडदा

परवा पुन्हा एकदा 'सिंगिंग इन द रेन' पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. छत्री मिटून जीन केली पावसात नाचायला लागला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. हे चित्रीकरण चालू असताना त्याच्या अंगात ताप होता, असं सांगतात. पडद्यावर तो शोधून सापडत नाही. डोनाल्ड ओकॉनर भिंतीवर चढून कोलांटी मारतो, तेव्हा तर मी अजूनही लहान मुलासारखी हसते.

आता तक्रारी. शेवटाकडे येणारा ब्रॉडवेचा नाच दहा मिनिटांहून मोठा आहे आणि तेवढा वेळ गोष्ट दाराबाहेर ताटकळत उभी राहते. 'मेक एम लाफ'ची चाल कोल पोर्टरच्या 'बी अ क्लाऊन'शी (चित्रपट 'द पायरेट', १९४८) इतकी जुळते, की योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. पण या दोन्ही गोष्टी मी माफ करून टाकल्या आहेत.

तिसरी मात्र माफ होत नाही.

सिनेमाची गोष्ट आठवा. साल १९२७, बोलपट नुकताच आलाय. लीना लामाँट ही मोठी नटी, पण आवाज चिरका. मग कॅथी नावाची नवखी मुलगी तिच्यासाठी बोलते, गाते. श्रेय लीनाला. शेवटी भर थिएटरात मागचा पडदा ओढला जातो, माइकसमोर गाणारी कॅथी सगळ्यांना दिसते आणि न्याय होतो. आपण टाळ्या वाजवतो.

आणि वस्तुस्थिती? 'वुड यू?' या गाण्यात लीनाला आवाज देणारी कॅथी, म्हणजे डेबी रेनॉल्ड्स, स्वतः गातच नाही. तो आवाज बेटी नॉइजचा. एवढंच नाही, लीनाचे संवाद कॅथी 'सुधारून' बोलते, तिथे ऐकू येतो तो जीन हेगनचा, म्हणजे खुद्द लीना झालेल्या नटीचा खरा, भारदस्त आवाज! चिरका आवाज हा तिचा अभिनय होता. त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच. पण बेटी नॉइजचं नाव १९५२ च्या या सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाही. पडदा ओढण्याबद्दलच्या सिनेमात तिच्यापुढचा पडदा कोणी ओढला नाही.

"अगं, निखळ करमणूक आहे, कशाला एवढं खोलात जायचं?" असं माझे मित्र म्हणतात. शिवाय, आपल्याकडे पार्श्वगायनाचं कोणाला वावडं आहे? बरोबर. आवाज उसना घेण्यात काहीच पाप नाही. पाप आहे ते नाव गिळण्यात. आपल्याकडेही १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. श्रोत्यांनी विचारून विचारून भंडावलं, तेव्हा खरं नाव रेडिओवर सांगितलं गेलं. म्हणजे 'तेव्हा तशीच पद्धत होती' हे उत्तर अर्धंच आहे. पद्धत होती, हे खरं. पण ती चुकीची आहे हे या सिनेमाला नेमकं ठाऊक होतं. त्याची सगळी कथाच त्यावर उभी आहे. न कळून झालेली चूक वेगळी आणि कळूनसवरून केलेली वेगळी.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. नोकरीत असताना मी कित्येक वर्षं साहेबांची भाषणं लिहून दिली. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी शेवटच्या रांगेत बसून त्यांच्यासोबत टाळ्या वाजवायचे. पगार वेळेवर मिळत होता, तक्रार करायला जागा नव्हती. तरी एकदा, फक्त एकदा, साहेबांनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवावं असं वाटायचं. ते झालं नाही.

असो. सिनेमा जरूर पाहा, उत्तमच आहे. मीही पुन्हा पाहणार आहे. फक्त शेवटी पडदा ओढला जाईल तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता बेटी नॉइज हे नाव एकदा मोठ्यानं घ्या.