रूआँ नगरींतील एक दिवस

या सदराचे वाचक जाणतातच कीं, आम्हांस प्रवासाची हौस बेताचीच. तथापि गेल्या वैशाखांत चिरंजीवांकडे पॅरिस येथें महिनाभर राहण्याचा योग आला, आणि त्यांतील एक दिवस सौभाग्यवती व नात यांसह आम्हीं रूआँ हें प्राचीन नगर पाहण्यांत घालविला. आगगाडीनें सव्वा-दीड तासाचा रस्ता. पॅरिसची सेन नदी तेथेंही भेटते.

तेथील महामंदिराचा, म्हणजे कॅथीड्रलचा, लोखंडी कळस १५१ मीटर उंच आहे. १८७६ पासून १८८० पर्यंत जगांत त्याहून उंच वास्तु नव्हती. याच मंदिराच्या दर्शनी भागाचीं मोने या चित्रकारानें वेगवेगळ्या वेळच्या उजेडांत तिसांहून अधिक चित्रें काढलीं. मंदिराच्या एका बुरुजास 'लोण्याचा बुरुज' म्हणतात. उपासाच्या चाळीस दिवसांत लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून भाविकांनीं दिलेल्या द्रव्यांतून तो उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. चातुर्मासांत कांदा-लसणाची सवलत अशी विकली असती तर आपल्या रामाच्या देवळाचा कळस केव्हांच पुरा झाला असता, असा सौभाग्यवतींचा अभिप्राय पडला!

पुढें रस्त्यावरील कमानीवर मोठें घड्याळ आहे. त्याचें मूळ यंत्र १३८९ सालचें. कांटा एकच, तासाचा. मिनिटांची निकड त्या काळीं कोणास नसावी. तबकडीच्या तळाशीं वाराची देवता दिसते आणि वरच्या गोलांत चंद्राच्या कला. आम्ही गेलों तो गुरुवार. अर्थात् त्यांचा ज्युपिटर, म्हणजे आपला गुरु, रथांत विराजमान होता. सोमवारीं चंद्र, शुक्रवारीं शुक्र, असा वारक्रम दोहींकडे एकच, हें नातीस सांगतांना आमच्यांतील मास्तर पुन्हा जागा झाला.

परंतु ज्यासाठीं गेलों तो जुन्या बाजाराचा चौक. ३० मे १४३१ रोजीं येथें जोन ऑफ आर्क या अवघ्या एकोणीस वर्षांच्या शेतकरी-कन्येस जिवंत जाळलें व तिची राख सेन नदींत टाकली. नगर तेव्हां इंग्रजांच्या ताब्यांत होतें. न्यायासनावर कोशाँ नांवाचा बिशप, आणि मत देण्यास पॅरिस विद्यापीठाचे धर्मशास्त्री. मुलीस धड वाचतांही येत नव्हतें. तुजवर ईश्वराची कृपा आहे हें तुला ठाऊक आहे काय, असें तिला विचारण्यांत आलें. 'होय' म्हणावें तर उद्धटपणा, 'नाहीं' म्हणावें तर पापाची कबुली. कृपा नसल्यास ईश्वरानें ती करावी आणि असल्यास राखावी, अशा अर्थाचें उत्तर देऊन तिनें तो पेंच सोडविला. तरीही ती दोषी ठरली. पंचवीस वर्षांनीं, १४५६ त, याच नगरांत तो निकाल रद्द झाला. १९२० त पोपनें तिला संतपद दिलें.

"आजोबा, एवढे शिकलेले लोक, मग त्यांना कळलें कसें नाहीं?" नातीनें विचारलें.

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आठवलें तें निराळेंच. १९९६ सालीं आमच्या आठवीच्या वर्गांत वाचतांना अडखळणारा एक मुलगा होता. संस्कृतच्या परीक्षेंत त्यानें एका सुभाषिताचा अन्वय व अर्थ बिनचूक लिहिला. ही नक्कल, असें आम्हीं ठरविलें, शून्य दिलें, आणि वर्गासमोर तसें बोललोंही. दोन वर्षांनीं समजलें कीं, त्याची निरक्षर आजी कीर्तनांत ऐकून पाठ झालेले श्लोक त्यास अर्थासह शिकवीत असे. तोंवर त्यानें शाळा सोडली होती. आमचा तो निकाल कोणीं रद्द केला नाहीं, आम्हींही नाहीं.

चौकांत १९७९ सालीं पुरें झालेलें नवें चर्च आहे. त्यांतील सोळाव्या शतकांतल्या रंगीत कांचा ज्या जुन्या चर्चमध्यें होत्या, तें १९४४ च्या बाँबवर्षावांत नष्ट झालें. कांचा आधींच काढून ठेविल्यामुळें वांचल्या. त्यांच्या निळ्या-तांबड्या उजेडांत आम्ही बराच वेळ बसलों. नात कंटाळली.

स्टेशनाकडे परततांना त्या घड्याळाचें चित्र असलेलें एक पोस्टकार्ड घेतलें. त्या मुलाचें नांव लिहिलें. आतां तो चाळिशी ओलांडलेला असेल. पत्ता म्हणून गांवाचेंच नांव घातलें. मजकूर दोन ओळींचा. तिकीट कमी लागलें आहे हें सौभाग्यवतींनीं दाखवून दिलें, तेव्हां आणखी एक चिकटवून तें पेटींत टाकलें. त्यास आतां दोन महिने होत आले.