बुडालेल्या कंपनीचं नाणं

रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर, धातू तांबं. एका बाजूला मोठा व्ही, त्याच्या एका फाट्यावर ओ, दुसऱ्यावर सी, खाली साल. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉइट. संग्रहाची सुरुवात करणाऱ्यांना तो अजूनही परवडतो, कारण कंपनीने तो प्रचंड संख्येने पाडून घेतला.

त्याच्या जन्माचं कारण मोठं रंजक आहे. नेदरलंडमध्ये आठ डॉइट दिले की एक स्टायव्हर मिळे. जावाकडे मात्र चार डॉइटांनाच स्टायव्हर! म्हणजे मायदेशातली चिल्लर जहाजावर चढवायची आणि बटाव्हियात उतरवून दुप्पट करायची. खलाशांनी हा धंदा केला नसता तरच नवल. नफा आपल्याच हातात राहावा म्हणून कंपनीने 1726पासून आपली मुद्रा असलेले वेगळे डॉइट काढले. मायदेशात ते चालत नसत.

डच प्रजासत्ताकात प्रांतागणिक टाकसाळ वेगळी, म्हणून नाण्याच्या दुसऱ्या बाजूची ढालही वेगळी. हॉलंडच्या ढालीवर एकटा सिंह. वेस्ट फ्रीसलंडच्या ढालीवर एकाखाली एक चालणारे दोन, गेल्डरलंडच्या ढालीवर समोरासमोर उभे ठाकलेले दोन. झीलंडचा सिंह लाटांमधून अर्धाच वर आलेला. समुद्राशी झगडणाऱ्या प्रांताची याहून नेमकी ओळख कुठली? केवळ या ढाली जमवायच्या ठरवल्या, तरी संग्रहाला दिशा मिळते.

कंपनी कर्जात बुडाली, 1799च्या अखेरीस मोडीत निघाली. शिक्का मात्र उरला. जावात 1806 ते 1810 या काळात पाडलेल्या डॉइटांवर एका बाजूला ‘जावा’ हे नाव आणि साल आहे, तर दुसऱ्या बाजूला तीच व्हीओसीची मुद्रा. मालक संपला तरी लोकांच्या हाताला सवयीची झालेली खूण सरकारला टाकवली नसावी. संग्रहात एकच डॉइट ठेवायचा झाला, तर तो हाच ठेवावा.

या नाण्यांच्या विक्रीत थापाही पुष्कळ चालतात. अमेरिकेत हाच डॉइट ‘न्यूयॉर्क पेनी’ म्हणून खपवला गेला आहे. प्रत्यक्षात तिथल्या वसाहतीचा कारभार वेगळ्या डच कंपनीकडे होता, आणि डॉइट निघण्याच्या अर्धशतकाआधीच ती वसाहत इंग्रजांकडे गेली होती. मराठी संग्राहकालाही वेंगुर्ल्याच्या डच वखारीशी या नाण्याचं नातं जोडण्याचा मोह होईल. पण ती वखार सतराव्या शतकातली, नाणं अठराव्यातलं.

नाणं हाती आलं की आपल्याकडे पहिली आठवण चिंचेची होते. देवघरातल्या तांब्याला ती ठीक. डॉइटला लावली की दोनअडीचशे वर्षांत चढलेला तपकिरी थर जातो आणि जाणकार ग्राहक नाणं बाजूला सारतो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावं, आणि साल पुसट असेल तर बाजूने तिरका उजेड पाडून भिंगातून वाचावं.